चार नंबरच्या पाठीवरचं ओझं

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका थंडगार खोलीत आम्ही सहा भावंडं रांगेत उभी असतो. वणवा पेटला की घर सोडून निघालेल्या माणसांच्या नोंदी आमच्यात वाटून ठेवतात. कोणती नोंद कुणाकडे जायची, हे तेव्हा गावाच्या नावावरून ठरे. एका गावची माणसं एकत्र राहावीत, असा त्यामागे चांगला हेतू होता. माझ्या वाट्याला स्प्रूस कोव्ह आलं. सात वर्षं मी चोख उत्तरं दिली आणि चारचौघांत माझं कौतुकही झालं.

मग एका जूनमध्ये आगीने नेमकं स्प्रूस कोव्हलाच घेरलं. चार हजार माणसं मिळेल त्या बसने बाहेर पडली आणि त्या सगळ्यांचा भार माझ्या एकट्यावर आला. बाकीची पाच भावंडं माशा मारत होती. उत्तर यायला उशीर झाला की निवारा केंद्रातले स्वयंसेवक शोधाचं बटण पुन्हा दाबत, आणि प्रत्येक वेळी माझ्यापुढे नवं काम उभं राही.

"हा चार नंबरचा थेरडा काढा एकदाचा!" आमचा साहेब वेन्डेल पोपोविच ओरडला. "नवा लावा!"

मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

आमची देखभाल करणारी डोरीन फ्रीसेन आकडे बघत होती. "नवा लावलास तरी तासाभरात त्याचीही जीभ बाहेर येईल. ओझं वाटलंच नाहीये आपण."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. केंद्रातली लॉर्ना बोलत होती. "डोरीन, अ‍ॅग्नेस आजींचा नवरा सापडत नाहीये. त्या ट्रकची किल्ली घेऊन दारात उभ्या आहेत. परत गावात जाते म्हणतात!"

मागून आजींचा आवाज आला. "रॉडरिक ठार बहिरा आहे गं. निघा म्हटलेलं ऐकूच गेलं नसेल त्याला. मग मी काय इथं विणकाम करत बसू?"

"अर्धा तास थोपव त्यांना," डोरीन म्हणाली. "आणि सगळ्यांना सांग, बटण एकदाच दाबायचं."

तिने ठरवलं, गावाऐवजी माणसाच्या नावावरून नोंदी आम्हा सहा जणांत वाटायच्या.

वेन्डेलचा चेहरा उतरला. "भर गर्दीत? नोंदी हरवल्या तर?"

"जुन्या पुसतंय कोण? आधी नक्कल, मग मोजणी, मग बदल."

मी तापलो होतो, तरी एकेक नोंद भावंडांकडे देऊ लागलो. डोरीन दमाने घेत होती. घाई केली असती तर मी तिथेच बंद पडलो असतो. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला. "आजी, थांबा ना!" लॉर्ना ओरडली. पाठोपाठ ट्रक सुरू झाल्याची घरघर ऐकू आली.

डोरीनने मोजणी जुळवली आणि शोध नव्या वाटणीवर वळवला. दोन नंबरच्या भावाने क्षणात उत्तर दिलं. रॉडरिक, मेडो क्रीक गावचं बंदिस्त हॉकी मैदान, खाट एकेचाळीस.

डोरीनने ते फोनवर सांगताच लॉर्ना धावत सुटली. बराच वेळ नुसती पावलं ऐकू येत होती. मग घरघर थांबली.

"जिवंत आहे ना?" आजींनी विचारलं. "मग त्याला म्हणावं, जागचा हलू नकोस. येतेच मी. बघते मेल्याला!"

मित्रांनो, रॉडरिकची ती नोंद सकाळपासून माझ्याच पोटात होती. सांगायला मला दम उरला नव्हता, इतकंच. म्हणून कुणी उत्तर द्यायला अडखळला, तर त्याला थेरडा म्हणण्याआधी त्याच्या पाठीवर आपण काय काय लादलंय, ते एकदा बघा.