पहिली मूठ

साऱ्या चांदूर बाजारात हे सांगत फिरून राहिले, का सत्यभामाच्या एका मुठीपायी पोरगं जेलात गेलं. हे म्हणजे माहा नवरा, पंजाबराव. चहाच्या टपरीवर सांगतात, सोयऱ्याच्या लग्नात सांगतात, काल तं दूधवाल्यालेही सांगतलं. ऐकणारा च्च च्च करते अन् माह्याकडं असा पाहते, का जशी मीच पोलिसाले जीपीत बसवून घेऊन गेली होती. पोट्ट्यानं गांजा लावला, हे कोणी म्हणत नाही बाप्पा! आईनं माती टाकली, हे मातर साऱ्याइच्या तोंडी.

म्हणून आता माह्या तोंडून ऐका.

आमचा भाजीपाल्याचा धंदा. गावाबाहेर काळीचं वावर हाये, त्यात वांगे, मिरची, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, मेथी, अन् धुऱ्याच्या कडेनं झेंडू. तोडायचं, जुड्या बांधायच्या अन् बजारात नेऊन बसायचं. या घरात सून होऊन आली तवापासून वाफ्यात पहिली मूठ माही. पहिल्याच वर्षी सासूनं माह्या हातानं मेथी टाकवली. ते अशी दाट उगवली का सासूनं साऱ्या आळीत डांगोरा पिटला, आमच्या सत्यभामाच्या हाताले गुण हाये. तवापासून शेजारपाजारच्या बाया बी बोलावत. कुंकू लावत, ओंजळीत बी देत, मी मूठ सोडली का मंगच बाकीच्याइचे हात लागत. मले त्याचा लय गर्व होता. खोटं काहून बोलू?

पियुष आमचा एकुलता एक. शेतीचं शिकाले अकोल्याले गेला अन् तठीच राहिला. वावरात पाय टाकाले त्याले लाज वाटे. मागच्या हिवाळ्यात घरी आला तं पिशवी भरून नमुने घेऊन. अंगणात पोतं अंथरलं अन् त्याच्यावर ढिगल्या मांडल्या. नारळाच्या काथ्याचा भुसा, नदीतले बारके गोटे, विटाचे तुकडे, अन् मातीचे भाजलेले गोळे, बोराएवढे, हलके, लाल.

"आई, खोलीतल्या खोलीत भाजी लावून राहिलो," म्हणे. "विलायती भाजी. मोठ्या हॉटेलात लागते. माती लागतच नाही त्याले. ट्रेमधी खालून पाणी चढते, मुळं भिजतात, मंग सारं पाणी वापस टाकीत उतरते. पुन्हा चढते, पुन्हा उतरते. रोपाले धरून ठेवाले फक्त काहीतरी पाहिजे. यातलं कोणतं घेऊ?"

मी हरखलीच. किती वर्सानं पोरगं माह्यासमोर मांडी घालून बसलं होतं अन् आई, कोणतं घेऊ, असं इचारून राहिलं होतं! मी एकेक हातात घेऊन पाह्यलं. भुसा पाणी सोडत नाही, मुळं सडतीन म्हणलं. त्याले बी ते पटलं. गोट्याइचं त्यानंच सांगतलं, का खोली वरच्या माळ्यावर पाहून ठेवली हाये, एवढं वजन घरमालक चढवू देणार नाही. विटाचे तुकडे चोळले तं तळहात लाल झाला. हे भुकटी पाण्यात उतरीन, पियुष म्हणे. राहता राहिले गोळे.

"हेच घेतो. पाणी झटकन सोडतात, धुवून पुन्हा वापरता येतात. अन् पाह्य आई, हे बी मातीचेच हायेत. भट्टीत फुगवलेले."

"भाजलेली माती म्हणजे खापर," मी म्हणलं. "भाजलेल्या दाण्याले कधी कोंब येते का? मंग भाजलेल्या मातीत जीव कुठून येईन?"

तो खो खो हासला. "जीव पाण्यातून देतात आई. मातीची गरजच नाही."

गरज नाही म्हणे. टाकू नको, असं नाही म्हणला. हे ध्यानात ठेवा.

खोली होती किसनरावाची. रिटायर माणूस, खालच्या घरात एकटेच राहत अन् वरचं भाड्यानं देत. पण सड्या, बिनलग्नाच्या पोट्ट्याले ते खोली देत नसत. मायबापाले घेऊन ये, मंग चाबी देतो, असं त्याइनं पियुषले सांगतलं. म्हणून आमाले बोलावणं आलं. मी नवं लुगडं नेसली, किसनरावासाठी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या अन् आमी यष्टीनं अकोल्याले गेलो. किसनरावानं चहा पाजला. "वहिनी, तुमाले पाहून देऊन राहिलो चाबी," म्हणे. "पोरं आजकाल कशी राहतात, तुमाले माहीतच हाये. पण घर चांगलं दिसलं तुमचं."

पंधरा दिवसानं नारळ फोडाले पुन्हा गेलो, वरती पाह्यलं तं खिडक्याइले चंदेरी कागद चिकटवलेला. किडे येतात, पियुष म्हणे. टेबलावर लांब लांब ट्रे, त्यात ते लाल गोळे भरलेले, रोप एकही नाही. मोठे दिवे छताले टांगले होते. आता मी भाजीवाली बाई, मले काय माहीत विलायती भाजीले किती उजेड लागते ते! मले वाटलं, आपल्याच धंद्याले लागलं पोरगं, फक्त खोलीत करून राहिलं. डोळ्यात पाणी आलं माह्या.

पदराच्या गाठीत मी आपल्या वावरातली मूठभर काळी माती बांधून नेली होती. हे अन् पियुष नारळाची शेंडी सोलून राहिले होते, तेवढ्यात मी कोपऱ्यातल्या ट्रेमधले गोळे बाजूले सारले, माती खाली ठेवली, वरून गोळे लोटले. हात जोडले. माय, माह्या पोराले यश दे, एवढंच म्हणलं. येताना यष्टीत यांले सांगतलं तं हे खुश झाले. "चांगलं केलं," म्हणे. "पहिली मूठ घरच्या मातीची पाहिजेच." हे शब्द त्याइचे. आता इचारा त्याइले, आठवते का!

त्याच्यानंतर पियुषनं आमाले खोलीवर येऊ नाही देल्लं. फोन केला का, "काम चालू हाये आई." येऊ का रे एखांद्या दिवशी? "कशाले त्रास घेतं?" आम्हाले वाटलं, मेहनत करून राहिला.

अन् एक दिवस तो दोस्ताच्या साखरपुड्याले मोर्शीले गेला. इकडं ट्रेमधून पाणी खाली जायचं भोक बुजलं. मशीन आपली वेळेवर पाणी चढवत राहिली, उतरायले वाट नाही. ट्रे भरला, खोली भरली, स्लॅबमधून पाणी झिरपून किसनरावाच्या पलंगावर टपकाले लागलं. त्याइनं पियुषले फोन लावले, साखरपुड्याच्या बँडमधी याले ऐकू आले नसतीन. मंग त्याइनं कुलूप तोडलं. आत भाजी कुठली! माणसाएवढा गांजा उभा होता, दिव्याखाली, हिरवागार. किसनराव जुना माणूस, त्याले पान ओळखाले कितीसा वेळ लागते? त्याइनं पोलिसाले बोलावलं. पियुषले मोर्शीतून भरल्या पंगतीतून उठवून नेलं.

हे बातमी आली तवा मी बजारात वांगे मोजत होती. तागडी हातातून सुटली. रडली, छाती पिटली, सारं केलं. मले काय दगडाचं काळीज हाये का?

पण दुसऱ्याच दिवशी हे पियुषले भेटून आले अन् ओट्यावर बसता बसता म्हणाले, "तुह्या मातीनं घात केला. पोलिस म्हणे, त्या भोकात काळा चिखल निंगाला." पोराची अन् बापाची काय गोष्ट झाली असन ते मी समजली. माती टाकल्याचं यांनीच त्याले सांगतलं. चांगलं केलं म्हणणारं तोंडच आता घात केला म्हणून राहिलं होतं.

मी एकटीच अकोल्याले गेली, किसनरावाची माफी मांगाले. त्याइनं घरात नाही घेतलं, दारातच उभं ठेवलं. "वहिनी, माती-बिती मले माहीत नाही," म्हणे. "त्या भोकात मुळंच मुळं होती, गोवरीएवढा गठ्ठा. त्याले उलीसा चिखल लागला होता, एवढंच. पण तुमाले पाहून मी चाबी देल्ली होती." मंग त्याइनं दार लोटून घेतलं. शिवी देल्ली असती तं बरं वाटलं असतं. मी त्याच्या फाटकापाशी उभी राहून रडली.

म्हणजे किसनराव सोडले तं मुळं कोणाले दिसली नाहीत. माही माती दिसली.

मंग वकिलाची गोष्ट निंगाली अन् हे मले जेलात भेटाले घेऊन गेले. पियुष जाळीच्या पल्ल्याड उभा. वाळला होता. दाढी वाढलेली. मी जाळीतून बोटं घातली, त्यानं धरली नाहीत.

"आई, दहा वर्सालोक सजा होऊ शकते," म्हणे.

"अरे देवा."

"ऐक. किसनरावानं चाबी तुमाले पाहून देल्ली. नारळ फोडाले तू होती. माती तुह्या वावरातली सापडली. तू म्हण, का खोली मी घेतली, रोपं मी लावली. सांधेदुखीच्या औषधासाठी लावली म्हण. बाईमाणूस, वय झालेलं. तुले जमानत लवकर भेटीन."

मी वळून यांच्याकडं पाह्यलं. हे माह्या मागं उभे, खाली मान घालून. यांले आधीच माहीत होतं, म्हणूनच आणलं होतं मले.

"अन् तसं बी," पियुष म्हणे, "पहिली मूठ तुहीच होती न? साऱ्या गावाले तुह्या हाताचा गुण माहीत हाये. तुह्याच हातानं झालं, आता तूच निस्तर."

तुमाले खरं सांगू? त्यानं नुसतं, आई, मले वाचव, एवढं म्हणलं असतं न, तं मी डोळे मिटून हो म्हणून टाकलं असतं. जेलात गेली असती, तठीच मेली असती. नऊ महिने पोटात ठेवलं, हे काय जड होतं? पण तो रडला नाही, चुकलो म्हणला नाही. चोराच्या उलट्या बोंबा अन् त्या बी आईच्या नावानं! माह्या हातून जे आशीर्वाद म्हणून पडलं, तेच उचलून त्यानं माह्या गळ्यात बांधलं.

"पियुष," मी म्हणलं, "मूठ माही होती. बी तुहं होतं."

अन् मी निंगाली. फाटकाबाहेर हे धावत आले. "काहून नाही म्हणलं? एवढं बी करता येत नाही तुले पोरासाठी?" यष्टीत हे दुसऱ्या सीटवर जाऊन बसले. दर्यापूर आलं, अचलपूर आलं, आपलं गाव आलं, तरी तठीच.

तवापासून घरात बोलणं बंद. आळीतल्या बायाइनं बी बोलावणं सोडलं. मागच्या महिन्यात शेजारच्या गोदाबाईनं मिरचीचं बी टाकलं, माह्या दारावरून गेली अन् पुढच्या घरच्या सुनेले घेऊन आली. अन् आमच्या वावरात यांनी सांबाराचा वाफा केला. मी बांधावर उभी. कुंकवाची डबी कंबरेले खोसलेली होती, उगीच आपली सवय. यांनी माह्याकडं पाह्यलंही नाही. धने स्वतःच्या मुठीत घेतले अन् फेकले. लग्नाले एवढी वर्सं झाली, पहिल्यांदा. मले कोणी थोबाडीत मारली असती तं एवढं लागलं नसतं.

मी वाट पाह्यली.

अन् सांबार उगवला. कसा उगवला म्हणता! दाट, हिरवागार, बोट घालाले जागा नाही. आज सकाळी हे वाफ्यापाशी बसून निंदत होते. मी जाऊन समोर उभी राहिली.

"अवो, पाहा बरं इकडं. यात माही मूठ नाही."

यांनी वर पाह्यलं नाही.

"तरी बी उगवला न? माह्या हाताबिगर उगवला न? मंग तो गांजा बी उगवलाच असता. जा, सांगा तुमच्या पोराले. वकिलाले सांगा. अन् त्या दूधवाल्याले बी सांगा."

यांनी इळा खाली ठेवला अन् डोळ्याले धोतराचा सोगा लावला. "सत्यभामा," म्हणे, "एकुलतं एक पोरगं हाये आपलं."

"अन् बायको?" मी म्हणलं. "बायको काय बजारात जुडीनं भेटते?"

यांनी पुन्हा इळा उचलला. सांबार तोडाले आला, उद्या बजारात न्यायचा हाये.