झऱ्यावर ठेवलेला गूळ

सुरुंग काढून झालेली जमीन गावाला परत देण्याची आमची एक रीत आहे. सरकारी कागदावर कुणाचा विश्वास नसतो, आणि नसावाच. म्हणून आम्ही, काढणारी सगळी माणसं, गावासमोर हातात हात घालून त्या जमिनीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. आमच्यातलं कुणी उडालं नाही हे बघून मग गाव आत शिरतं, पोरं फुटबॉल आणतात, कुणीतरी डुक्कर भाजायला घेतं.

ग्वादुआलेस गावातही तसंच झालं. सगळं गाव आत शिरलं, एक बाई सोडून. दोन्या उबाल्दिना, दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाईसाहेब, सुरुंगांची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्यांपाशी आली, पाठीवरचं बोचकं सावरलं, समोरच्या चढावरच्या आपल्या घराकडे पाहिलं आणि मागे फिरली. दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन पुन्हा आली, पुन्हा फिरली.

घर तसं हाकेच्या अंतरावर होतं. खुंट्या ओलांडल्या की पेरूचं झाड, खाली उतरलं की झरा, आणि झऱ्यापलीकडे चढावर घर. याच झऱ्यावर सुरुंगाने तिची मुलगी गेली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढे कुणी बोलत नसे. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं बाई भावाकडे चुलीशेजारी झोपत होती आणि भावजय तिला उठता-बसता कामं सांगत होती. तिला घरी जायचं होतं. पाऊल उचलत नव्हतं.

मी कुत्र्यांना शिकवते. माझी कुत्री पोला मातीखालच्या सुरुंगाच्या दारूचा वास लागला की खाली बसते, आणि बसली की त्याच क्षणी तिला चेंडू मिळतो. क्षणभर उशीर झाला तर ती भलतंच शिकते. मारायचं नाही, ओरडायचं नाही. चुकलं तर काहीच मिळत नाही, बस्स. आणि मोठं काम असेल तर त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला खाऊ. भित्र्यातलं भित्रं पिल्लू मी असंच झुलत्या पुलावरून नेलं आहे. त्याचा मला ताठाही आहे. मग म्हटलं, माणूस काय वेगळा असतो?

“आता काय त्या बाईला चेंडू फेकणार का तू?” आमचा तुकडीप्रमुख एवेलियो म्हणाला. “शनिवारी तळ हलतोय, आरेलिस. तिचं तिला बघू दे.”

“शनिवारी तूच बघशील,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मासात गुळाची कॉफी आणि पानात गुंडाळलेलं ताजं चीज घेऊन मी खुंट्यांच्या अलीकडे बसले. ती आली, तिला कप दिला. गप्पा झाल्या, भावजयीचा उद्धार झाला. पुढच्या दिवशी मी खुंट्यांच्या जरा आत बसले.

“इतक्या लांब कशाला बसलीस गं?” तिने विचारलं.

“इथे सावली आहे.”

“सकाळच्या पारी कसली डोंबलाची सावली?”

“यायचं तर या. नाहीतर तुमचं चीज पोला खाईल.”

ती बराच वेळ उभी राहिली. मग एक पाय आत टाकला. पाय टेकला न टेकला तोच मी कॉफी ओतली. पोलाच्या बाबतीत करते अगदी तसंच, आणि तोंडातून ‘शाबास’ निघू नये म्हणून जीभ चावली. गुरुवारपर्यंत ती पेरूच्या झाडाखाली बसून कॉफी पीत होती आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

त्याच दिवशी घात झाला. ती कॉफी पीत असताना मी एका नव्या पिल्लाला घेऊन बसले. दगडावर मटणाचा तुकडा ठेवायचा, पिल्लू गेलं की पुढच्या दगडावर ठेवायचा, मग त्याच्या पुढच्या. कितव्या तरी दगडानंतर मागे वळून पाहिलं, तर दोन्या उबाल्दिनाचा कप तसाच भरलेला होता.

“हे तू माझ्यावर करते आहेस,” ती म्हणाली.

“तसं नाही, दोन्या उबाल्दिना, मी फक्त...”

“गप्प बस. मला कळतं ते. मी पण केलंय.”

तिने कप खाली ठेवला. सांगताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

“माझी यिसेल फार भित्री होती. झऱ्यावर एकटी जायला घाबरायची. माझा नवरा नुकताच गेलेला, मला मळा बघायचा, पाणी कोण आणणार? मग मी गुळाचा खडा ठेवायला लागले. आधी कुंपणावर. मग खाली वळणावर. मग झऱ्यावरच्या सपाट दगडावर. कळशी भरून आण आणि खडा खा. महिनाभरात पोर एकटी जायला लागली. सगळ्या गावात मिरवलं गं मी, माझी पोर बघा म्हणून.”

“आणि मग ते बंदूकवाले आले,” मी म्हटलं.

“ते आले. झऱ्याला काहीतरी पुरलंय अशी कुणकुण लागली. मी तिला बजावलं, आता जायचं नाही. पण सवय मी लावलेली. मला ताप होता, मी झोपलेले. सकाळीच उठून गेली ती कळशी घेऊन. सुरुंग त्यांनी पुरला. पण तिला तिथवर मी नेलं. एकेक खडा ठेवत मी नेलं.”

पिल्लू माझ्या हाताला नाक लावत होतं. मग मी धंद्यातलीच गोष्ट विचारली, दुसरं काही येत नाही म्हणून.

“त्या दिवशी घरात गूळ होता?”

“काय?”

“झऱ्यावर गूळ ठेवला होता का तुम्ही?”

“कुठला गूळ? त्यांनी रस्ता बंद केलेला. मीठसुद्धा नव्हतं घरात.”

“यिसेलला ते ठाऊक होतं?”

“तीच गुळाचा रिकामा डबा चाटत बसायची,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

“कुत्री चेंडूसाठी बसते,” मी म्हटलं. “गूळ नव्हता आणि तुम्हाला ताप होता. पोर गुळासाठी नाही गेली, दोन्या उबाल्दिना.”

हे मी बोलले ते खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं. एकदा अंगात मुरलेली सवय खाऊ बंद झाला म्हणून सुटत नाही. उलट कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ती जास्तच चिवट होते. माझ्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल. मी ते बोलले नाही आणि कधी बोलणारही नाही. मला त्याची लाजही वाटत नाही.

ती उठली आणि बोचकं उचलून भावाकडे परत गेली. शुक्रवारी आलीच नाही. सगळं विस्कटलं असं मी धरून चालले, आणि दिवसभर एवेलियोवर खेकसत राहिले.

शनिवारी ट्रकवर सामान चढत असताना ती आली. पाठीवर तेच बोचकं, केस विंचरलेले.

“आज काही आणलंस?”

“नाही.”

“बरं केलंस. माझ्यामागे येऊ नकोस. आणि मी पोचले तर टाळ्याबिळ्या वाजवायच्या नाहीत. त्या एवेलियोलाही सांग.”

आम्ही सगळे हातातलं काम टाकून उभे राहिलो. ती खुंट्या ओलांडून गेली, पेरूच्या झाडाखालून गेली, थांबली नाही. उतारावरून ती एकेक पाऊल चाचपत खाली गेली. झऱ्यापाशी पोचल्यावर तिने बोचकं खाली ठेवलं आणि त्या सपाट दगडासमोर उभी राहिली. रडेल असं मला वाटलं.

ती रडली नाही, ओरडली. सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“नको जाऊ म्हणून सांगितलं होतं ना तुला! सांगितलं होतं ना? मी काय तहानेने मरत होते का? आईचं ऐकायचं नाही म्हणजे काय!”

एवेलियोने टोपी काढली. इतकी वर्षं बाईने सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतला होता. लेकीवर एकदा रागवायचंही राहून गेलं होतं. रागावून झाल्यावर ती दगडावर बसली आणि आता मात्र रडली, बराच वेळ. मग ओंजळीने पाणी प्याली, तोंड धुतलं आणि बोचकं उचलून घराचा चढ चढू लागली.