सोळा तारखेचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ, पितळी चौकट आणि चौकटीत फिरणारे रबराचे तीन पट्टे: दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा. पट्ट्यांच्या वर 'मिळाले' हा शब्द आहे आणि खाली एका वकिलाच्या ऑफिसाचं नाव. सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटात, खाकी पाकिटात आहे. पाकिटावर 'वस्तू क्रमांक तीन' अशी चिठ्ठी डकवली आहे. मला नाव कधीच नव्हतं, त्यामुळे नंबर मिळाल्याचं वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं, आणि ती सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका अरुंद बोळातल्या दुकानात झाला. शिक्के बनवणारा म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून माझी अक्षरं उलटी कोरत बसायचा. आम्ही शिक्के जन्मतःच उलटे असतो, पण कागदावर सरळ उमटतो. मला विकताना तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "साहेब, याला शाई कमी द्या आणि रोज तारीख बदला. बाकी याचं काही मागणं नाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण वकील. नुकतीच सनद मिळालेली, नवं ऑफिस, दोन खुर्च्या, एक टेबल. पहिल्या दिवशी एकही टपाल आलं नाही, तर त्यांनी कोऱ्या कागदांवरच मला बारा वेळा उठवून पाहिलं आणि स्वतःशीच हसले. मला ते हसू फार आवडलं. आपण मोठ्या कामाला आलो आहोत असं वाटून मी फुगून गेलो.

ऑफिस वाढलं, तशी तीन वर्षांनी तिथे ताई आली. आली ती टायपिंगसाठी, पण महिन्याभरात सगळं ऑफिस तिच्या हाती गेलं. इमारतीतले सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. रोज सकाळी ती दारावरची टपालपेटी उघडायची, अंगठ्याने माझा दिवसाचा पट्टा एक घर पुढे सरकवायची, जुन्या पाकिटाच्या पाठीवर मला एकदा उठवून बघायची आणि मगच आलेल्या टपालावर ठेवायची. दर शनिवारी जुन्या टूथब्रशने माझी अक्षरं घासायची. तिने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिच्या हाती होतो तोवर माझ्याकडून एकही तारीख चुकली नाही, आणि हे मी फुशारकीने नाही, अगदी छातीठोक सांगतो.

ताई वकीलसाहेबांच्या मसुद्यांतल्या चुकाही काढायची. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "अगं, सारख्या माझ्या चुका काय काढतेस? त्यापेक्षा कायदा शीक आणि माझ्या शेजारी खुर्ची टाक!" ते म्हणाले थट्टेत. ताईने मात्र ते मनावर घेतलं. तिने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं उघडू लागली. पानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मला ठेवायची. अर्धा कायदा असा माझ्या बुडाखालून गेला.

पाच वर्षांनी ती शेवटची परीक्षा पास झाली. मला वाटलं, झालं, आता ताई वकील. कसलं काय! परीक्षेनंतरच खरी वरात सुरू झाली. बावीस पानी अर्ज, दहाही बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला, साहेबांच्या हाताखाली केलेल्या कामाची तासागणिक नोंद, आणि आजवर राहिलेल्या प्रत्येक घराचा पत्ता. सासूबाई डबा घेऊन ऑफिसात आल्या तेव्हा ताईने त्यांनाच गाठलं.

"आई, लग्नानंतर आपण त्या तिसऱ्या खोलीत राहायचो, तिचा नंबर काय होता हो?"

"मला कसा आठवणार? छत गळायचं तेवढं आठवतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि काय गं, एवढ्या कागदांत तर माझी पाच लग्नं लागली असती. ह्यांना वकील हवाय का जावई?"

साहेबही हसले. त्या दिवसांत ऑफिसात खूप हसायचे सगळे.

अर्ज गेला. आता तीनच पायऱ्या उरल्या होत्या. तिचं नाव तीस दिवस वकील मंडळाच्या फलकावर लागणार, कोणाची हरकत असेल तर त्याने ती द्यायची. मग चारित्र्य समितीसमोर मुलाखत. आणि शेवटी न्यायाधीशांपुढे शपथ. शपथेच्या वेळी नव्या वकिलाला एकटं उभं राहता येत नाही. एखाद्या जुन्या वकिलाने शेजारी उभं राहून, "ही माझ्या माहितीची आहे, हिला मी सादर करतो," असं म्हणायचं असतं. ताईचं कोण, हा प्रश्नच नव्हता. साहेबांनी गाऊन धुवायलासुद्धा टाकला होता.

सव्विसाव्या दिवशी हरकत आली.

ती का आली हे सांगायचं तर मला दोन वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा ताई मधल्या वर्षाच्या परीक्षेसाठी पंधरा दिवस रजेवर होती, दहा तारखेपासून चोवीसपर्यंत. बारा तारखेला एका फर्निचर कारखानदाराने साहेबांच्या अशिलाला पाठवलेली नोटीस घेऊन निरोप्या आला, ती टपालपेटीत टाकली आणि आपल्या वहीत तशी नोंद करून गेला. नोटिशीला दहा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. पण पेटी उघडायचं काम ताईचं, आणि ताई रजेवर! पेटी भरून कागद बाहेर डोकावू लागले तेव्हा, चोवीस तारखेला, साहेबांनी ती उघडली. मुदत बावीसलाच संपली होती.

साहेब बराच वेळ त्या कागदाकडे बघत उभे होते. मग त्यांनी मला उचललं. मला वाटलं, आता पट्टा पुढे सरकणार. रजेपासून मी नऊ तारखेवरच अडकलो होतो. पट्टा सरकला, पण चोवीसपर्यंत गेला नाही. सोळावर थांबला.  साहेबांनी मला शाईत बुडवलं आणि दाबलं. 'मिळाले, १६.' सोळा तारखेला मिळालेल्या नोटिशीची मुदत सव्वीसपर्यंत होत होती. उत्तर त्याच दिवशी गेलं. पुढे खटला उभा राहिला तेव्हा कोर्टाने माझ्यावर विश्वास ठेवून ते मुदतीत धरलं आणि कारखानदार हरला. पंचवीसला ताई आली, साहेबांनी सोळाला टपाल बघितलं असेल असं समजून तिने माझा पट्टा पंचवीसवर आणला. तिला कशाचीच कल्पना नव्हती.

पुढे कधीतरी कारखानदाराला त्या निरोप्याची वही सापडली. आणि फलकावर आमच्या ऑफिसातल्या कारकून बाईचं नाव दिसलं तशी त्याने हरकत ठोकली. शिक्का मारण्याचं काम जिचं, तारीख बदलली तिनेच, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी मी असतो तरी मला तसंच वाटलं असतं.

साहेबांनी ताईला समोर बसवलं. पाच तारीख होती, सकाळीच तिने ती माझ्या पट्ट्यावर आणली होती.

"समितीला सांग, तुझ्या नजरचुकीने सोळाचा शिक्का पडला."

"पण साहेब, तो शिक्का मी मारलेला नाही."

"मला माहीत आहे गं. मीच मारला तो." साहेबांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "पण तुझी नजरचूक म्हटली तर समज देऊन सोडतील. माझं नाव आलं तर माझी सनद जाईल, ऑफिसला टाळं लागेल. मी समितीला अजून काहीच कळवलेलं नाही, तू काय म्हणतेस ते बघून कळवीन. आणि सोमवारी शपथेला तुझ्या शेजारी उभं कोण राहणार? मीच ना?"

 चौदा वर्षं ज्यांच्याकडे शिकले त्यांची सनद जावी, हे तिला सोसवेना. शेवटी ती म्हणाली, "बरं, साहेब." मला तिचा राग आला, आणि तिची कीवही आली.

समितीने मलाही मागवलं होतं. ताईने मला स्वच्छ रुमालात गुंडाळून नेलं. लांब टेबल, तीन सदस्य, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला साहेब. दार नीट लागत नव्हतं आणि बाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. अध्यक्षबाईंनी मला कोऱ्या कागदावर उठवून पाहिलं, नोटिशीवरच्या ठशाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. मग एक पत्र उचललं.

"तुमच्या साहेबांचा खुलासा आमच्याकडे आला आहे. तुम्ही बोलण्याआधी वाचून दाखवते." आणि त्या वाचू लागल्या. "सदर कर्मचारी टपालाच्या तारखांबाबत वारंवार हलगर्जीपणा करीत असे. मी तिला अनेकदा तोंडी ताकीद दिली होती. तिच्या सचोटीची हमी देणे मला शक्य नाही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. चौदा वर्षं तिने एक तारीख चुकू दिली नव्हती. ताकीद कसली नि कधी?

"मॅडम," तिने हळूच विचारलं, "या पत्रावर तारीख काय आहे?"

"तीन."

तीन! साहेबांनी तिला समोर बसवलं ते पाच तारखेला. 'अजून काहीच कळवलेलं नाही' म्हणाले तेव्हा पत्र जाऊन दोन दिवस झाले होते. ऑफिसातलं प्रत्येक पत्र ताई टाइप करायची, हे एकच साहेबांनी स्वतः दोन बोटांनी बडवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ताईने साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्याकडे बघत होते.

ताईने कागदांची फाईल उघडली आणि एक घडी पडलेला अर्ज टेबलावर ठेवला. तिचा दोन वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज. अध्यक्षबाईंनी तो मोठ्याने वाचला. दहा ते चोवीस, परीक्षेसाठी रजा. समासात निळ्या शाईत लिहिलं होतं: 'मंजूर. बिनधास्त जा, टपाल मी बघतो. पास होऊनच ये.' खाली सही.

"हे अक्षर आपलंच ना?" त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझंच."

"आणि बाई, तुम्ही आज इथे काय सांगणार होतात?"

 इथे ताईने 'खरं तेच सांगणार होते' म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? सनद हातातोंडाशी आली होती. 

"खोटं सांगणार होते, मॅडम," ताई म्हणाली. "माझी नजरचूक झाली असं."

"हा अर्ज जवळ असताना?"

"तो पुरावा म्हणून ठेवला नव्हता." आता तिचा आवाज फुटला. "मी पास होईन असं मला तोवर कोणीच म्हटलं नव्हतं. साहेबांनी लिहून दिलं. म्हणून जपून ठेवला होता."

ताईला आणि साहेबांना बाहेर पाठवलं. मी टेबलावरच राहिलो, पण अर्धवट दारातून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "चौदा वर्षं तुला हाताला धरून शिकवलं, त्याचे असे पांग फेडलेस?"  उत्तर सासूबाईंनी दिलं. "पांग? अहो, चौदा वर्षं तुमचं टपाल तिने उघडलं. पंधरा दिवस तुम्हाला उघडायला सांगितलं तर हे करून ठेवलंत!"

आत तिन्ही सदस्य बराच वेळ भांडले. एकाचं म्हणणं, खोटं बोलायला तयार झालेल्या बाईला सनद कशी द्यायची? अध्यक्षबाईंचं म्हणणं, तयार झाली होती, बोलली नाही, आणि तेही आपणहून सांगितलं. शेवटी दोनास एक अशा मतांनी ताईची सनद मंजूर झाली. साहेबांचं प्रकरण वेगळं काढलं. मला पुरावा म्हणून ठेवून घेतलं.

ताई परत आत आली, निर्णय ऐकला, वाकून नमस्कार केला. टेबलावरचा रुमाल तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी तिला दोष देत नाही. तो सोळाचा आकडा शेवटी माझ्याच तोंडून उमटला होता.

सोमवारी शपथ झाली. इथल्या दोन कारकुनांच्या गप्पांतून मला कळलं. शेजारी उभं राहायला ताईला ऐनवेळी एक अनोळखी वकील बाई मिळाल्या. "ही माझ्या माहितीची आहे," असं त्या म्हणाल्या आणि ताईचं नाव त्यांनी हातातल्या कागदावरून वाचलं. ताईने शपथ न अडखळता घेतली म्हणे. नंतर जिन्यात बसून रडली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, घासा, जपा, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. मलाही कोणी पुसलं तर आवडेल. शाई वाळून माझी अक्षरं तडकायला लागली आहेत. पण माझं मागणं ते नाही. मला झिजवा, हरवा, फेकून द्या, पण माझ्या तोंडून खोटं वदवू नका. आणि एखाद्या मऊ आवाजाच्या माणसाने तुमच्याकडून तसं करून घ्यायचं ठरवलं, तर माझी आठवण काढा. त्या दिवशी साहेबांनी पट्टा सोळावर आणला तेव्हा मला नाही म्हणायचं होतं. शिक्क्याला ते म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.