नळीतल्या पाहुण्याचं गाव

मित्रांनो, मी एक जुना विषाणू आहे. किती जुना, ते मलाही सांगता येत नाही. माझा जन्म कुणी पाहिला नाही, पाचवी कुणी पुजली नाही. कुणी म्हणतं, पहिल्या जिवांच्याही आधीपासून आम्ही होतो. कुणी म्हणतं, आम्ही कुठल्याशा पेशीतून निसटलेले तुकडे. आणि कुणी म्हणतं, पूर्वी आमचंही भरलं घर होतं, दुसऱ्याकडे राहता राहता एकेक भांडं गेलं. असेलही. दुसऱ्याच्या अंगात शिरल्याशिवाय मला जिवंतसुद्धा म्हणवत नाही, एवढं मात्र खरं.

माझी लांबची बहीण म्हणजे देवीचा रोग. ती फार दुष्ट, मी जरा सौम्य. म्हणून माणसांनी मला वासराच्या अंगावर वाढवलं आणि लस म्हणून काचेच्या नळीत भरलं.

१९३१ च्या उन्हाळ्यात लस टोचणारे गंगाधरराव मला घेऊन सोलापुराहून सायकलीवर एका धनगरवाडीत आले. शेजारच्या वाडीत देवीची साथ होती. इथं केराबाईची नात मायाक्का तेवढी टोचायची राहिली होती, आणि नळीही एकच उरली होती. माझ्याभोवतीचं ओलं फडकं वाटेतच वाळलं होतं. अजून थोडं ऊन लागलं असतं, तर मी संपलो असतो आणि पोर तशीच राहिली असती.

मायाक्का मेंढरांत लपली होती. नळी ओट्यावर ठेवून गंगाधरराव तिला शोधायला गेले. धरून आणतात तो नळी गायब!

"केराबाई, नळी कुठाय?"

"रांजणाखालच्या वल्या वाळूत ठिवलीया. आवं दादा, आईला कुणी उन्हात बसवतंय व्हय? कोपली मजी?"

"अहो, ती देवी नाही, लस आहे!"

"असंल की. दोगी एकाच घरच्या दिसत्यात."

गंगाधररावांनी कपाळावर हात मारला. मग नळी उचलली. ती गार लागली, तसा त्यांनी मायाक्काचा दंड पुढे ओढला.

म्हातारी चुकली होती, आणि नव्हतीही. मला कुणी कुणाच्या घरचं म्हटलं, ते पहिल्यांदाच.

मायाक्काच्या दंडावर मी फोड होऊन जगलो. साथ वाडीत आली आणि तिला न शिवता गेली. खपली गळाली, तेव्हा केराबाईनं ती पानावर घेतली, वर दहीभाताचा घास ठेवला आणि शिवेवर नेली. "जा बाई आता. ल्येकराला सांबाळलंस." पाहुण्याला घालवायला यावं तशी ती बराच वेळ उभी राहिली. मग गेली. मी तिथंच राहिलो.

मित्रांनो, आता ती बहीण उरली नाही, म्हणून मलाही कुणी बोलावत नाही. तुमच्या वेळची सुई आली, की मेंढरांत लपू नका. आणि आजीच्या दंडावर माझ्या फोडाचा गोल वण दिसला, तर त्यावरून हळूच बोट फिरवा. माझं गाव विचाराल, तर मला ठाऊक असलेलं तेवढंच.