दानबीचं न बिघडणारं यंत्र

दानबीचं लसूण सोलायचं यंत्र पहिल्याच फेरीत चाललं आणि तिथूनच तिची साडेसाती सुरू झाली.

चांगवनच्या विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला काहीतरी स्वतःच्या हाताने बनवावं लागतं. बाकीचे गट अजून तेलात बरबटलेले होते. दानबीच्या पिंपात मात्र पाकळ्या टाकून हवेचा झोत सोडला, की टरफलं एकीकडे आणि पांढऱ्याशुभ्र पाकळ्या दुसरीकडे. तिचा गटातला जोडीदार सोकजू लष्करातली सक्तीची नोकरी आटोपून परत वर्गात बसलेला, वयाने मोठा, म्हणून तिचा दादा.

"झालं?" तो म्हणाला. "मग आता डिसेंबरपर्यंत करायचं काय?"

ते नोकरी-मार्गदर्शन कक्षातल्या बांग मॅडमनी सांगितलं. दानबीला एका पंप बनवणाऱ्या कंपनीत जायचं होतं. दुसरीकडे कुठे तिने अर्जही केला नव्हता. मॅडमनी सरावाची मुलाखत घेतली.

"तुमचं अपयश सांगा."

"आलं नाही, मॅडम."

"असं बोलू नये, पोरी. अपयश नाही, तर मात कशावर करणार?"

"पण यंत्र चाललं."

"ते कुणी विचारलंय?"

मॅडमकडे साचा तयार होता. गटात भांडण, मग सगळ्यांनी एकत्र बसून डुकराचं मांस भाजून खायचं, मनं मोकळी करायची, शेवटी यश. पण मोजलं नाही ते लिहायचं नाही, हे दानबीच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की न घडलेलं सांगणं तिच्या जिवावर आलं. खोटं बोलायचं नसेल, तर अपयश खरोखर घडवायला हवं. हे गणित तिला सरळ वाटलं.

तिने हवेचा दाब वाढवला. जादा दाब सोडायची झडप तिनेच बसवली होती. ती फुस्स करून उघडली. तिने झोताची नळी उलटी लावून पाहिली. ती उलटी बसूच नये म्हणून एक खिट्टी होती. तीही तिचीच.

"इतकं शहाणपण करायला कुणी सांगितलं होतं तुला?" सोकजू वैतागला.

"गप्प बस, दादा. करवत दे."

खिट्टी कापून नळी उलटी लावल्यावर पाकळ्या भिंतीवर आपटून त्यांचा ठेचा झाला. दानबीने समाधानाने श्वास सोडला. सोकजूने बोट लावून चाखलं. "किमचीला हाच लागतो," तो म्हणाला. "आता हे जास्त खपेल."

कंपनीतल्या मुलाखतीला पाच उमेदवार एका रांगेत बसले होते, पाचही काळ्या सुटात. पहिल्याच्या गटात भांडण झालं, ते मांस भाजताना मिटलं. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचंही तिथेच मिटलं. समोर मुलाखत घेणाऱ्यांतल्या मधल्या वयस्क साहेबांनी जांभई गिळली.

"तुमचं?"

दानबीने पाठ केलेलं आठवलं. मग तिने घडलं तसं सांगितलं: यंत्र चाललं होतं, अपयश हवं म्हणून बिघडवावं लागलं, आणि ते सहज बिघडेना.

साहेब सावरून बसले. "का बिघडेना?"

झडप, नळी, खिट्टी, सगळं सांगताना ती हाताने हवेत आकृत्या काढू लागली. चौघे उमेदवार तिच्याकडे ती मांडवात जेवून यजमानालाच नावं ठेवत असल्यासारखे पाहत होते.

तिला घेतलं. पंप फुटेपर्यंत चालवून पाहायचे, अशा विभागात.

बांग मॅडमना आनंद झाला आणि त्यांनी साचा बदलला. पुढच्या शरद ऋतूत त्यांच्या सांगण्यावरून दानबी रजा काढून विद्यापीठाच्या कार्यशाळेत आली. नामुक नावाचा मुलगा एका गप्प यंत्रापाशी पडलेल्या चेहऱ्याने उभा होता.

"ताई, हे बिघडवायचं कसं?"

"चालतं कसं, ते आधी दाखव."

"चालत नाही. एकदाही चाललेलं नाही."

"मग अडचण काय? तुझ्याकडे खरंखुरं अपयश आहे की."

"ते जुनं झालं, असं मॅडम म्हणतात. आता मुद्दाम बिघडवलेलंच लागतं." त्याने आवाज खाली आणला. "चालतच नसलेलं मुद्दाम कसं बिघडवू?"

दानबीने अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि यंत्राचं झाकण उघडलं.

"मग नाइलाज आहे," ती म्हणाली. "आधी चालवावं लागेल."