हे आतच असतात

दुपारी बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. आमचे हे छातीत कळ येऊन दवाखान्यात होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला एवढंच म्हटलं होतं, की त्यांना घरी आण, रोजची माझी सकाळ तुझी. ते घरी आले. तेव्हापासून उठल्यावर बारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा नेम आहे.

पण संसार मुक्यानं होत नाही. मग आम्ही ठोके ठरवले. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे इकडे या. हळूहळू ह्यांनाही त्याची सवय लागली. तोंड असून ते खोलीतून भिंतीवर तीनदा ठोकायचे, मी ओट्यावर पळी आपटून उत्तर द्यायची. ह्यांच्या थोरल्या बहिणीनं एकदा विचारलं, "तुमच्या घरी सुतार बसलेत का रे?" तर हे म्हणाले, "बायको गप्प बसावी म्हणून लोक देव पाण्यात ठेवतात, ताई. मला घरपोच मिळालं."

निवृत्त झाल्यावर ह्यांनी जुनी मोटारहोम घ्यायची ठरवली. आत दोन पलंग, शेगडी, छोटी मोरी, पुढे ही भली मोठी काच. हे तिला घरगाडी म्हणत. विकणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, आवाजही माझ्यासारखाच खालचा. व्यवहार झाला तरी त्या घराची पायरी सोडून गाडीजवळ आल्या नाहीत. किल्ल्या देताना पुढच्या काचेकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "हे आतच असतात. जरा सांभाळून घ्या."

ह्यांनी आत डोकावलं. चालकाच्या सीटमागे चाकांना लावायचे दोन लाकडी ठोकळे ठेवले होते.

"हो हो, दिसले," हे म्हणाले. "चांगले जाडजूड आहेत की."

त्या बाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मग घरात निघून गेल्या. सकाळची वेळ होती, म्हणून मीही काही विचारू शकले नाही.

गाडी आतून नीटनेटकी होती, पण तोंडावर तिच्या कळा नव्हती. उडणारे खडे आणि किडे लागून रंग जाऊ नये म्हणून पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म चिकटवतात, ती कधी काळी चिकटवली होती. आता तिचा रंग जुन्या नखासारखा झाला होता आणि तिच्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. लांबून बघितलं तर गाडीला कातडीचा रोग झाल्यासारखा वाटे. "हिला घेऊन मी लोकांत जाणार नाही," हे म्हणाले. "आधी तोंड धुऊ."

आमचं अंगण फाटकाकडून घराकडे उतरत येतं. गाडी उतारावर, नाक घराच्या भिंतीकडे करून उभी केली. पुढच्या चाकांना ते दोन ठोकळे लावले. नाक आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस स्टूल टाकून बसेल एवढीच जागा राहिली.

काम चिकाटीचं होतं. माझ्या केस वाळवायच्या यंत्रानं फिल्म गरम करायची, प्लास्टिकच्या पट्टीनं कोपरा उचलायचा आणि हलक्या हातानं मागे ओढत न्यायचं. घाई केली की तुकडा पडतो. आमचे तुकडेच जास्त पडत होते. फिल्म निघाली तरी खाली गोंद राहतो, पिवळा, बोटाला ओढ लावणारा. त्यावर गोंद सोडवायचं औषध लावायचं, थोडं थांबायचं, मग फडक्यानं पुसून साबणाच्या पाण्यानं धुवायचं. मला ते काम आवडलं. मुक्यानं करण्यासारखं होतं. हात चालू, मनात नामस्मरण चालू.

पहिल्याच सकाळी मी बाहेरून पट्टी घासत होते आणि हे आत सीटची खोळ काढायला शिरले होते. गाडीच्या पुढच्या पत्र्यामागून दोन ठोके आले. नाही. मी थांबले. वाटलं, पट्टी जोरात लागतेय असं म्हणतायत. हात हलका केला. पुन्हा दोन ठोके. मग मी चिडून एकदा ठोकलं, हो, करणार. आतून काहीच आलं नाही. आणि मागून फाटक वाजलं. हे औषधाची नवी बाटली घेऊन येत होते.

"दुकान लवकर उघडलं आज," ते म्हणाले. "काय गं, अशी काय बघतेस?"

बारा वाजल्यावर मी सांगितलं. ते म्हणाले, "पत्रा उन्हानं तापला की वाजतो. त्यालाही आपली भाषा शिकवलीस की काय?" मी हसले. आधी हसलेच.

चालकाच्या बाजूची मोठी पट्टी निघाली, त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. फिल्म एका दमात सुटली आणि खालच्या गोंदात एक तळवा दिसला. पाचही बोटं पसरलेली, हातावरच्या रेषासुद्धा स्पष्ट. ह्यांनी आपला उजवा हात त्यावर धरून बघितला. बोटं जुळत होती, अंगठा उलट्या बाजूला येत होता.

"फिल्म लावताना टेकला असेल हात. डावखुरा असणार माणूस."

बोलायची वेळ नव्हती. पण मनात आलं, की बाहेरून टेकवलेला डावा हात आणि आतून टेकवलेला उजवा हात, दोन्ही असेच दिसतील. मी त्यावर औषध लावलं. सगळीकडचा गोंद मऊ होऊन निघाला. तळवाही निघाला. ऊन तिरपं झालं तेव्हा धुतलेल्या पत्र्यावर तो पुन्हा दिसला, नुसता चकाकीतला फरक.

शेवटी राहिली खालची, बंपरजवळची पट्टी. हे स्टूल घेऊन नाक आणि भिंत यांच्यामध्ये बसले. पाय पसरता येईनात, म्हणून उठून त्यांनी दोन्ही ठोकळे चाकांखालून ओढून काढले.

मी बाजूला शिडीवर होते, काचेच्या कडेचा गोंद काढत. मी पत्र्यावर दोनदा ठोकलं. नाही. लगेच आतून दोनदा ठोकलं गेलं.

"कळलं गं, दोन-दोनदा कशाला?" हे खालून म्हणाले. "हँडब्रेक ओढलाय मी. तुझा नवरा अजून म्हातारा झालेला नाही." आणि त्यांनी यंत्र सुरू केलं. त्याची घरघर एवढी, की शेजारचा कुत्रा भुंकलेलाही कळू नये.

मी हात जोडून खूण केली, पण त्यांची मान खाली होती. आतून तीन ठोके आले. मग पुन्हा तीन, भराभर, मुठीनं मारल्यासारखे. इकडे या, इकडे या. ते मला होते की ह्यांना, कळेना. ह्यांना तर ऐकूच जात नव्हते. आणि माझ्या समोरची काच पुढे सरकली.

एवढी मोठी गाडी, पण आवाज नाही. शिडी टेकवलेली होती तिथून ती घसरू लागली, म्हणून मला कळलं. जुन्या हँडब्रेकनं धरून ठेवलं नव्हतं; साबणाच्या ओल्या फरशीवर चाकं फिरत होती. बंपर ह्यांच्या डोक्याकडे निघाला होता, ह्यांची पाठ भिंतीला होती, आणि हे मन लावून एक कोपरा उचलत होते.

माझ्या मनात नेम आला, हे लपवत नाही. हा नेम ह्यांच्या जिवासाठी धरला होता. तो मोडला तर जीव जाईल, नाही मोडला तरी जाईल.

"अहो!"

"ओ," उत्तर आलं.

ते खालून आलं नव्हतं. काचेच्या पलीकडून, माझ्या तोंडापासून हातभरावरून आलं होतं. घोगरा, झोपेतून उठल्यासारखा पुरुषी आवाज. मी आत बघितलं. सीट रिकामी होती. सीटपुढचं ब्रेकचं पेडल खाली दाबलेलं होतं, अगदी तळापर्यंत, आणि दाबलेलंच राहिलं. गाडी थांबली. स्टुलाचा एक पाय कडकन मोडला.

मग खालून आवाज आला. "ओ. काय गं?" यंत्र बंद झालं. बंपर ह्यांच्या कपाळाला टेकला होता, नुसता टेकला होता. पण ह्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. "तू बोललीस?"

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. ठोकळे परत चाकांना लावले. मग काचेतून पाहिलं. ब्रेकचं पेडल सावकाश वर आलं, कुणीतरी पाय उचलल्यासारखं.

नेम मोडलाच होता, म्हणून मी बारा वाजायची वाट न बघता त्या बाईंना फोन लावला. जे झालं ते सांगितलं.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला," त्या म्हणाल्या. "हे आतच असतात."

"आम्हाला वाटलं, ठोकळे."

"ठोकळ्यांना कुणी सांभाळून घ्या म्हणतं का, ताई?" आवाजात राग नव्हता. "गाडी चालवता चालवताच गेले. पण आधी बाजूला घेतली, ब्रेक लावला, मगच मान टाकली. मी मागे झोपले होते, मला ओरखडासुद्धा आला नाही. त्यानंतर मी कधीही अहो म्हटलं की ओ यायची. सहन होईना, म्हणून विकली."

"ते डावखुरे होते का?"

"नाही. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता? थकलेला होता का?" मी म्हटलं, "नाही, झोपेतून उठल्यासारखा." त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

मी देवाजवळ बसून नेम पुन्हा धरला. गाडी परत द्यावी असं हे दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. ज्यानं माझं माणूस राखलं, त्याला दुसऱ्याच्या दारात कसं सोडायचं? पण एक गोष्ट मला बदलावी लागली. गाडीत अहो म्हणायची सोय राहिली नाही. त्या हाकेत नावच नाही, कुणीही आपली समजून ओ देईल. म्हणून बारानंतर मी ह्यांना नावानं हाक मारायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिले काही दिवस जीभ अडखळायची आणि ह्यांचे कान लाल व्हायचे.

परवा आम्ही निघालो. सकाळ होती, मी गप्प होते. नव्यासारख्या चकचकीत नाकावर ऊन आलं होतं आणि चालकाच्या बाजूला तो तळवा होता. हे स्टिअरिंगवर बसून म्हणाले, "एक सांग. नावानं बोलावतेस, बरं वाटतं. पण आपल्यातलं अहो संपलं का गं कायमचं?"

मी डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं. नाही.

लगेच पत्र्यामागून एक ठोका आला.

"एक की दोन?" हे म्हणाले. "नक्की ठरव."