जिभेखालची गोळी

व्यसनमुक्ती केंद्रात नशेची तलफ शमवणाऱ्या गोळ्या देणं हे माझं काम. गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून माझ्यासमोर बसायचं. बाहेर नेली की नाव कटलं. लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत बापडे.

आमचा एक पेशंट अखंड बडबडतो, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. गोळी हातात पडेपर्यंत त्याची टकळी चालूच. आज मात्र मुकाट येऊन बसला. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. गोळी दिली आणि लगेच म्हटलं, "आ कर. जीभ वर." जिभेखाली काही नाही! गालात कापसाचा बोळा, त्यावर गोळी. माझं डोकंच फिरलं.

"मला शेंडी लावतोस?"

"सिस्टर, ताईसाठी हो." तो रडकुंडीला आला. "बाहेर बाकावर बसलीय. अंग ठणकतंय, उलट्या होतायत. आत यायला घाबरते. नाव लिहिलं तर सासरचे लोक तिची पोरं हिसकावून घेतील, म्हणते."

"आधी तुझी घे. मग तिचं बघते."

त्यानं बोळा थुंकला, गोळी जिभेखाली सरकवली, तोंड मिटलं. मी डॉक्टरांना फोन लावतेय तोच त्यानं माझा हात गच्च धरून खिडकीकडे बोट केलं. बाकावरची बाई उठून कोपऱ्यावरच्या स्कूटरवाल्याकडे निघाली होती. तो काय विकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. हल्ली त्याच्या पुडीत काहीतरी जहाल मिसळलेलं असतं. या आठवड्यात ती घेतलेले दोघं परत उठलेच नाहीत.

रेडिओ ओरडणार होता. "तोंड मीट!" म्हणत मीच धावले. तिचं नाव मला कुठं माहीत?

"ताई! अगं ए ताई!"

रस्त्यावरच्या चार बायका वळल्या. ती नाही. स्कूटरपाशी गाठून मी तिचं मनगट धरलं. घामानं ओलं, थंडगार.

"भावानं गोळी दिली का?" तिनं विचारलं.

"त्याची गोळी त्यालाच. तुला आत डॉक्टर बघतील, मग तुझी मिळेल."

"नाव सांगावं लागेल?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "लागेल. पण आम्ही कुणाला सांगत नाही."

ती स्कूटरकडे बघत राहिली. स्कूटरवाल्यानं पुडी मुठीत तयारच ठेवली होती. ती ओढ घेऊ लागली, मनगट माझ्या बोटांतून निसटत चाललं. मी घाबरले होते. सगळा खडूसपणा कुठल्या कुठे गेला होता.

"सिस्टर," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "सोडू नका."